सहाची गोळी

मी सामान्य माणूस आहे. हे मी विनयानं सांगत नाही. तसं माझ्याकडे लेखी पत्र आहे. लातुरातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयाच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, खाली गोल शिक्का मारलेलं. 'श्री. उमाशंकर गुरुबसप्पा निटुरे यांची एथिक्स कमिटीवर सामान्य व्यक्ती म्हणून तीन वर्षांसाठी नेमणूक करण्यात येत आहे.' बाकीच्यांना सामान्य राहायला काहीच करावं लागत नाही. मला मात्र नेमणूक लागली, आणि ते पत्र मी लॅमिनेट करून दुकानात महादेवाच्या फोटोशेजारी लावलं.

त्याचं असं आहे की, नवीन औषध माणसांवर तपासून पाहायचं तर आधी या कमिटीची परवानगी लागते. कमिटीत डॉक्टर असतात, वकील असतो, एक अध्यक्ष बाहेरचा असतो. आणि ज्याला औषधातलं ओ की ठो कळत नाही असा एक माणूस नियमानंच ठेवावा लागतो. त्यानं गावातल्या पेशंटच्या जागी बसून विचार करायचा. हे सगळं आपल्या घरात कसं चालेल, एवढंच त्यानं बोलायचं. तो नसेल तर बैठकच भरत नाही.

आता मीच का, तर गंजगोलाईच्या बाजाराजवळ माझं भांड्यांचं दुकान आहे. डॉ. वैजनाथ यांच्या बहिणीच्या लग्नातली सगळी भांडी माझ्याकडून गेली. लग्नाच्या भांड्यांवर आम्ही नाव कोरून देतो, आणि कोरण्याआधी मी गिऱ्हाइकाला तीनदा विचारतो. नाव काय, आडनाव काय, आणि मग कागदावर लिहून दाखवून, 'हेच ना?' एकदा कोरलेलं पुसत नाही. चाळीस वर्षांत माझी एकच घागर चुकली, तीही मी बदलून दिली. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "अप्पा, एका पेल्यासाठी तुम्ही तीनदा विचारता. असाच काळजीवाला माणूस आम्हाला कमिटीवर पाहिजे." मी इतका फुललो की त्यांना एक तांब्या फुकट दिला.

कमिटीची बैठक तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या हॉलमध्ये. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, काजूची वाटी आणि एकशेचाळीस पानांची फाईल. पहिल्या बैठकीत मी फाईल उघडली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर एक तक्ता होता, तो बघून मी फाईल मिटली आणि काजूंकडे वळलो. शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. पुढं दोन वर्षं माझी हीच पद्धत राहिली. पेल्यावर नाव कोरताना तीनदा विचारणारा मी तिथं एकदाही काही विचारलं नाही. गावात मात्र सांगत फिरायचो, "मी नसलो तर कोरम होत नाही." माझी बायको अंबिका एकदा म्हणाली, "आवो, पर तुम्ही तिथं करता काय?" मी म्हणालो, "बसतो." ती म्हणाली, "ते तर तुम्ही दुकानात बी करताव."

ज्या बैठकीमुळं हे सगळं झालं ती मे महिन्यातली. डॉ. वैजनाथ साखरेच्या आजारावरच्या नव्या गोळीबद्दल सांगत होते. गोळी कोणत्यातरी कंपनीची, आणि आपल्या भागातल्या बेचाळीस पेशंटवर ती वापरून बघायची होती. सकाळी सहाला, रिकाम्या पोटी, अर्धा कप पाण्यासोबत ही नवी गोळी. मग तीन तासांनी, नऊला, नाष्ट्याबरोबर साखरेची जुनी गोळी. दोन्हींत तीन तासांचं अंतर राहिलंच पाहिजे आणि जुनी गोळी उपाशीपोटी चालायचीच नाही, असं ते दोनदा म्हणाले. पेशंट वेळ विसरू नये म्हणून प्रत्येकाला एक मोबाईल आणि त्यात ॲप. बरोबर सहाला घंटा वाजणार. पेशंटनं 'घेतली' हे बटण दाबलं की घंटा बंद, आणि इकडं संगणकावर त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका. बटण दाबलं नाही तर दर पाच मिनिटांनी पुन्हा घंटा.

मंजुश्री नावाची मुलगी ह्या चाचणीचं सगळं काम बघायची. तिनं मोबाईलवर घंटा वाजवून दाखवली. त्यावर अध्यक्षांनी, नांदेडचे निवृत्त प्राचार्य रामकिशन सर यांनी, माझ्याकडं पाहिलं. "निटुरे अप्पा, सामान्य माणसाच्या दृष्टीनं काही?"

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला विचारलं होतं. मी काजू गिळला आणि बोललो. ते त्या दिवशीच्या इतिवृत्तात लिहिलेलं आहे, म्हणजे मला नाकारता येत नाही: 'श्री. निटुरे यांनी ग्रामीण भागातील घरे मोठी असल्याने घंटेचा आवाज वाढवावा, अशी सूचना केली. सूचना एकमताने मान्य.' त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

आता मला काय माहीत होतं ते सांगतो, आणि हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. आमच्या लिंगायत घरांत, विशेषतः जुन्या बायकांत, आंघोळ करून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात जात नाही. चहा नाही, गोळी नाही, काहीच नाही. अंबिकाला थायरॉईडची गोळी अकरा वर्षांपासून चालू आहे. तीही डॉक्टरांनी उठल्या उठल्या घ्यायला सांगितली आहे आणि अकरा वर्षांपासून ती पूजेनंतर, नऊच्या पुढं घेते. त्यावरून डॉक्टर तिला दोनदा रागावले, दोन्ही वेळा मी शेजारच्या खुर्चीवर बसलेलो होतो. आणि त्या बेचाळीस पेशंटांतले निम्म्याहून जास्त देवणी, उदगीर, निलंगा या बाजूचे, बहुतेक आमच्याच घरांतले होते. मला हे सांगण्यासाठीच तिथं बसवलं होतं. मी घंटेचा आवाज वाढवून घेतला.

पेशंटनं सही करायच्या संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर, 'आपल्या हक्कांबाबत काही शंका असल्यास' याच्या खाली माझं नाव आणि मोबाईल नंबर छापलेला होता. हाही नियम. तीन महिन्यांत त्यावर एकच फोन आला, आणि त्या बाईंना पाच लिटरच्या कुकरचा भाव पाहिजे होता.

दुसरा फोन श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारनंतर, मंगळवारी सकाळी आला. मी एका घागरीवर वधूचं नाव कोरत होतो.

"शरणार्थ. निटुरे अप्पा का? मी सिद्धेश्वर बोलतो, देवणीकडला. माझ्या आईच्या कागदावर तुमचं नाव हाय."

मी म्हणालो, "बोला, कोणतं भांडं?"

"भांडं न्हाई अप्पा. काल सांजच्याला आई पडली. महादेवाच्या देवळात पायरीवर चक्कर येऊन पडली. साखर अडतीसवर उतरली व्हती. मांडीचं हाड मोडलंय. तुमच्या दवाखान्यात आणलंय, पर इथले लोक म्हणून राहिलेत की आईनं सांगितल्यावानी गोळ्या घेतल्या न्हाईत, मंग ही जबाबदारी आमची न्हाई. तुम्ही जरा बघताव का?"

मी मशीन बंद केलं. वधूच्या नावातलं शेवटचं अक्षर अर्धंच राहिलं.

दुपारी घरी जेवायला गेलो तेव्हा अंबिकाला सगळं सांगितलं. सहाची गोळी म्हटल्याबरोबर ती थांबली. "पूजेच्या आधी? कोन घेनार?"

"तेच तर."

"तुम्ही तिथं व्हताव ना? मंग बोलला न्हाईत?"

"बोललो की."

"काय बोललाव?"

मी सांगितलं. ती आधी हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि मग एकदम हसायची थांबली. "हाड मोडलं म्हनलाव का?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुग्णालयात गेलो. सिद्धेश्वरच्या आईचं नाव रत्नम्मा. बासष्ट वर्षांची, सडपातळ बाई, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पाय वजन लावून ताणून ठेवलेला. मी नाव सांगितल्याबरोबर ती उठायला बघू लागली. मी हात पुढं करून थांबवलं.

"शरणार्थ, अप्पा. तुम्ही कशाला तरास घेतलाव?"

मी विचारलं, गोळी कशी घेत होता. तिनं काहीही न लपवता सांगितलं. सहाला घंटा वाजायची. ती तेव्हा न्हाणीत तरी असायची किंवा पूजेची फुलं तोडत तरी. "घंटा लई मोठी व्हती बगा. सारी गल्ली जागी व्हायची. शेजारीन म्हनली, रत्नम्मा, तुमच्या घरी शाळा भरली का? मंग म्या बटन दाबून टाकायची. एकदा दाबलं की गप बसतंय ते."

"आणि गोळी?"

"गोळी पूजा झाल्यावर. पूजा झाली की तीर्थ घ्यायचं, त्याच पान्यासंगं दोनी बी."

"दोन्ही एकत्र?"

"दोनी साखरंच्याच हाईत न्हवं? मंग न्याहारी करायची. सोमवारी तेवढा उपवास व्हता, संध्याकाळी देवळातून येऊन सोडायचा. पर गोळी चुकवायची न्हाई म्हनून त्या पोरीनं सांगितलं व्हतं, म्हनून उपवासाला बी चुकवली न्हाई."

मी विचारलं, हे डॉक्टरांना का नाही सांगितलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच लहान आहे. "डॉक्टर सायब एवढ्या मायेनं सहा म्हनले. म्या नऊ म्हनलं तर त्यांना वाईट न्हाई का वाटनार? माणसाचं मन मोडायचं का?"

पुढं ती जे बोलली त्यानंच मी आतून ढासळलो. "अप्पा, ते कागद लई मोठे व्हते. म्या वाचले न्हाईत. सिद्धूनं बी न्हाई. शेवटाला तुमचं नाव दिसलं. निटुरे. म्हनलं, आपल्या मान्साचं नाव हाय, त्यांनी वाचलं आसंल. मंग केली सही." ती जरा थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "आता माझ्यामुळं तुमचं नाव खराब झालं का हो?"

मी त्या वेळी काय म्हणायला पाहिजे होतं ते मला माहीत आहे. एकशेचाळीस पानांतली दोन वाचली, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "छे छे, तुम्ही आराम करा," आणि बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिलो. लाज वाटली. रागही आला, आणि ज्याच्यावर यायचा तो माणूस जिन्यावर एकटाच बसला होता.

दोन दिवसांनी तातडीची बैठक लागली. या वेळी काजू नव्हते, नुसती बिस्किटं होती. डॉ. वैजनाथांचा चेहरा उतरलेला. वाईट माणूस नाही तो. रत्नम्माच्या खाटेपाशी रात्रभर बसला होता, हे मला सिद्धेश्वरनंच सांगितलं. पण त्याच्यापुढं कंपनीला पाठवायचा अहवाल होता, आणि त्यात एक वाक्य तयार होतं: 'सदर घटना सहभागी व्यक्तीने दिलेल्या सूचनांचे पालन न केल्यामुळे घडली असून औषधाशी वा चाचणीच्या आखणीशी तिचा संबंध नाही.' त्याखाली आमच्या सह्या हव्या होत्या. त्या झाल्या की रत्नम्माचं हाड हा तिचा घरगुती प्रश्न होणार होता, आणि बाकीच्या एक्केचाळीस जणांची घंटा उद्या सहाला पुन्हा वाजणार होती. श्रावणातले सोमवार अजून दोन राहिले होते.

"ॲप स्पष्ट आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पडद्यावर तक्ता दाखवला. बेचाळीस नावं, नावांपुढं हिरवे ठिपके. "रोज सहा. एकही दिवस चुकलेला नाही. आणि त्या म्हणतात नऊला घेतली. म्हणजे त्यांनी आम्हाला खोटं सांगितलं, अप्पा. मी काय करू?"

सह्यांचा कागद फिरत फिरत माझ्यापाशी आला. मी उठून उभा राहिलो. मोठ्या आवेशात उठायचं होतं, पण गुडघा धरला, फाईलला धक्का लागला आणि एकशेचाळीस पानं जमिनीवर पसरली. ती गोळा करायला मंजुश्री आणि वकीलसाहेब दोघं टेबलाखाली गेले, त्यामुळं माझं भाषण मला टेबलाखालच्या लोकांना उद्देशून करावं लागलं.

"मला यातल्या तिघांना फोन लावायचाय," मी म्हणालो.

मंजुश्रीनं वर येऊन पहिला फोन लावला, स्पीकरवर. डॉक्टरांनीच विचारलं, "गोळी किती वाजता घेता?"

"सहाला सायेब."

दुसरा. "सहाला. घंटा वाजली की."

तिसऱ्यालाही सहाच. डॉक्टरांनी माझ्याकडं हात पसरून पाहिलं. आता मला आठवलं, गिऱ्हाइकाला 'नाव बरोबर आहे ना' असं विचारलं तर ते कायम 'हाव' म्हणतं. म्हणूनच मी लिहून दाखवतो. मी म्हणालो, "त्याच तिघांना पुन्हा लावा. मी विचारतो."

पहिला फोन निलंग्याकडच्या एका बाईंचा. मी माझं नाव, गाव, दुकान सगळं सांगितलं, दोन मिनिटं त्यांच्या सुनेच्या माहेरची चौकशी झाली. मग विचारलं, "अव्वा, सकाळी पूजा किती वाजता उरकते तुमची?"

"पूजा व्हय? साडेआठ, नऊ."

"पाणीबिणी काही घेता का त्याच्या आधी?"

"अय्यो! पूजेच्या आधी? काय बोलूलालाव अप्पा?"

"मग गोळी?"

"पूजा झाल्यावर. आनखी कवा?"

दुसऱ्या फोनवरही तेच. तिसरे एक मास्तर होते, ते पूजा करत नव्हते आणि गोळी खरंच सहाला घेत होते. त्यांनी मला उलट विचारलं की, घंटेचा आवाज कमी करता येतो का. रामकिशन सरांनी चष्मा काढून पुसला. मंजुश्री रडवेली झाली. "सर, मी कुणाला विचारलंच नाही. ठिपके हिरवे होते."

डॉ. वैजनाथांनी पडद्यावरचा तक्ता बंद केला. ते म्हणाले, "तक्ता हिरवा होता, म्हणून मीही कधी फोन केला नाही." आणि त्यांनी ते तयार वाक्य स्वतःच्या पेनानं खोडलं. यासाठी हिंमत लागते. कंपनी त्यांना काय म्हणणार होती ते मला माहीत नाही, त्यांना माहीत होतं.

मग नवीन वाक्य काय लिहायचं यावर चर्चा झाली. रामकिशन सरांचं मराठी जुन्या वळणाचं. ते सांगू लागले, "लिहा. सहभागी व्यक्तींच्या दैनंदिन धार्मिक आचाराची बाब समितीच्या अनवधानाने राहून गेली..."

"अनवधानानं नाही सर," मी म्हणालो.

"मग?"

मी अंबिकाच्या थायरॉईडच्या गोळीचं सांगितलं. अकरा वर्षांचं. शेजारच्या खुर्चीचं. खरं सांगतो, मला तिथून उठून दुकानात जाऊन घागरींच्या मागं लपावंसं वाटत होतं. "मला माहीत होतं. मी फाईल वाचली नाही, पण तुम्ही सहा वाजता म्हणालात ते मी ऐकलं होतं. मी घंटेबद्दल बोललो. ते लिहा."

सर म्हणाले, "अप्पा, समिती म्हणून लिहू या ना. एका माणसाचं नाव कशाला?"

"त्या बाईनं सही समितीचं नाव बघून केली नाही सर. माझं बघून केली."

मंजुश्री टाइप करत होती. तिनं विचारलं, "अप्पा, तुमचं नाव टाकू?"

"टाका."

"पूर्ण नाव?"

"उमाशंकर गुरुबसप्पा निटुरे."

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवली. "हेच ना?"

तीनदा झालं होतं. मी म्हणालो, "हेच."

त्या दिवसापासून चाचणी थांबली. ज्यांच्याकडं दोन्ही गोळ्या होत्या त्या सगळ्यांना मंजुश्रीनं त्याच संध्याकाळपर्यंत फोन करून नवी गोळी बंद करायला सांगितली, आणि पूजेची वेळ विचारून घेतली. रत्नम्माची शस्त्रक्रिया रुग्णालयानं आपल्या जबाबदारीवर केली. मी दुकानात जाऊन लॅमिनेट केलेलं पत्र महादेवाच्या शेजारून काढायला घेतलं, पण ते फेविकॉलनं चिकटवलेलं होतं, त्यामुळं अर्धंच निघालं. आता भिंतीवर फक्त 'सामान्य व्यक्ती म्हणून' एवढं उरलंय. गिऱ्हाइकं विचारतात.

हे सगळं करून मला जरा बरं वाटायला लागलं होतं. आपण मोठं काहीतरी केलं असंच वाटत होतं. बाहेर कुणी विचारलं तर मी थोडक्यात, पण डोळे खाली घालून सांगायचो, आणि डोळे खाली घालण्यातही मला मजा येत होती, हे कबूल करायला पाहिजे. अंबिकाच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "कमिटीला सांगितलाव, गावाला सांगितलाव. त्या बाईला सांगितलाव का?"

मी म्हणालो, अहवालात आहे की.

"ती अहवाल वाचनार हाय का?"

शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी मी गेलो. रत्नम्माला नवीन कागद द्यायचे होते. आधीच्या तपासण्यांची माहिती रुग्णालयानं ठेवायची की काढून टाकायची, आणि पुढं वर्षभर तपासायला यायचं की नाही, हे तिनं ठरवायचं होतं. अकरा पानं. मंजुश्री देणार होती, मी म्हणालो मी देतो.

रत्नम्मा खाटेवर टेकून बसली होती. सिद्धेश्वर खाली चटईवर. तिनं कागद बघितले आणि चष्मा न लावताच हात पुढं केला. "आना. कुठं करू सही?"

"सही नंतर," मी म्हणालो. "आधी मी वाचतो. न कळलं की थांबवायचं."

"सारं वाचनार?" तिनं पानांची जाडी बघितली. "मंग च्या सांगू का?"

मी वाचायला लागलो. छापलेलं वाक्य वाचायचं आणि मग तेच आपल्या बोलीत सांगायचं. पहिल्या पानाला अर्धा तास गेला. दुसऱ्या पानावर सिद्धेश्वरनं विचारलं की, माहिती ठेवली म्हणजे आईचं नाव कंपनीला कळणार का. मला उत्तर येत नव्हतं, मी मंजुश्रीला फोन लावून विचारलं. कळणार नाही, नुसता नंबर जातो. तिसऱ्या पानावर रत्नम्मानं स्वतः विचारलं की, तपासायला यायचं ते सोमवार सोडून ठेवता येईल का. मी समासात लिहून घेतलं. मला फार छान वाटत होतं. आता कसं रीतसर चाललंय, असं मनात आलं, आणि मी चौथं पान उलटलं.

"अप्पा, थांबा जरा," ती म्हणाली.

मी थांबलो.

"पहिल्या बारीचे कागद. ते बी तुम्ही आसेच वाचले व्हते का?"

ती आरोप करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, जसं सोमवारचं विचारलं तसंच. सिद्धेश्वरनं वर पाहिलं. हॉलमध्ये मी हे सगळ्यांसमोर बोललो होतो, नाव लिहून दिलं होतं, आणि इथं मी चौथ्या पानाचा कोपरा दुमडत बसलो. 'समितीनं' असा एक शब्द जिभेवर आलाही होता.

"न्हाई," मी म्हणालो. "दोन पानं वाचली. मग मिटून ठेवले आणि सही केली. आणि सहाच्या गोळीचं मला ठाऊक होतं. माझ्याच घरात ठाऊक होतं. मी बोललो नाही."

मी नजर खाली घातली, आणि या वेळी त्यात काही मजा नव्हती. चहा आला, तो तसाच खाटेच्या कडेला राहिला. तिनं आपला पाय दोन्ही हातांनी धरून थोडा सरळ केला, उशी मागं ओढली आणि मग उशाजवळचा चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला.

"मंग ते आदुगरचे बी आना उद्याला," ती म्हणाली. "ते बी ऐकायचेत मला. आता हे वाचा. आनि कागद हिकडं धरा, मला दिसंल आसं."